रूळ आधी, डोंगर शेवटी: १८८३च्या लिव्हिंग्स्टनचा विहंगम नकाशा कसा वाचावा

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखात भूकरमापक म्हणून गेली. आधी साखळी, मग प्लेन टेबल, शेवटी शेवटी जीपीएस. निवृत्त झाल्यावर लेकीकडे मोंटानातल्या बोझमनला आलो. एका संध्याकाळी जावयानं कौतुकानं शेजारच्या लिव्हिंग्स्टन गावाचा १८८३चा नकाशा लॅपटॉपवर उघडून दाखवला. मी सवयीनं विचारलं, "स्केल काय याचं?"

"बाबा, याला स्केल नाही. हा उडत्या पक्ष्याला दिसतो तसा काढलाय."

स्केल नसलेल्या कागदाला नकाशा म्हणायला माझी जीभ रेटेना. तरी पुढचे तीन आठवडे मी त्याच कागदाला चिकटून होतो. आता मला हे नकाशे आवडतात, पण ते वाचायची पद्धत नेहमीच्या नकाशापेक्षा वेगळी आहे. ती मी चुका करत करत शिकलो, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घ्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर पुढची पन्नासेक वर्षं अशा विहंगम नकाशांचा धंदा जोरात चालला. चित्रकार गावात यायचा. गावठाणाच्या आखणीचा कागद मिळवून त्यावरून रस्त्यांची जाळी तिरकी, दोन-तीन हजार फूट उंचीवरून दिसेल अशी मांडायचा. मग पायी गल्लीगल्लीतून हिंडून एकेका इमारतीचं रेखाटन करायचा आणि ती इमारत जाळीत तिच्या जागी बसवायचा. बलून वगैरे काही नाही. उंची सगळी डोक्यात, पाय जमिनीवर. हे कळल्यावर माझा निम्मा राग गेला, कारण दारोदार फिरून नोंद घेणारा माणूस कुठल्याही देशातला असो, तो आमच्याच जातकुळीतला.

नंतर चित्र शिळाछापावर छापलं जायचं आणि प्रती गावातच विकायच्या. साधारण दोन ते पाच डॉलरला एक. गिऱ्हाईक कोण? दुकानदार, हॉटेलवाले, जमिनीचे दलाल. म्हणजे ज्यांची घरं-दुकानं चित्रात आहेत तेच चित्र विकत घेणार! ही गोष्ट शेवटपर्यंत लक्षात ठेवा. या कागदाचा सांगाडा मोजणीचा आहे, पण त्यावर कातडी जाहिरातीची चढवली आहे.

आता कामाला लागा. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे असे सुमारे दीड हजार नकाशे आहेत आणि ते संकेतस्थळावर फुकट बघता येतात. छोट्या आकाराचं चित्र उतरवू नका. सगळ्यात मोठी फाइल घ्या, उतरायला वेळ लागला तरी चालेल. लहान चित्रात खिडक्या आणि पाट्या म्हणजे नुसते ठिपके दिसतात. शक्य असेल तर मोठ्या कागदावर छापून घ्या आणि त्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवा. पोरगी म्हणाली, हे सगळं संगणकावर लेयर लावून होतं. होतं, मान्य. पण पेन्सिल हातात असली की माणूस थांबून बघतो. ज्याला जे जमेल ते त्यानं करावं.

चित्राकडे वळण्याआधी कडेचा मजकूर वाचा. आमच्याकडे म्हणायचो, नकाशा उघडण्याआधी अभिलेख वाचा, तसंच. शीर्षक, साल, प्रकाशक, छापखाना आणि खाली आकड्यांची यादी असेल तर ती. लिव्हिंग्स्टनचा १८८३चा नकाशा जे. जे. स्टोनर या मॅडिसन, विस्कॉन्सिनच्या प्रकाशकाचा. याच स्टोनरसाठी हेन्री वेल्गे या जर्मनीत जन्मलेल्या चित्रकारानं त्या एक-दोन वर्षांत मोंटानातली गावं काढली. पुढे वेल्गे स्वतःच प्रकाशनात उतरला. मिझूलाचा १८९१चा नकाशा काढून बघा, त्यावर मिलवॉकीच्या अमेरिकन पब्लिशिंग कंपनीचं नाव दिसेल. म्हणजे साल फाटून गेलेलं असलं तरी प्रकाशकाच्या नावावरून अंदाज बांधता येतो.

दुसरी खूण काउंटीची. काउंटी म्हणजे ढोबळमानानं जिल्हा. लिव्हिंग्स्टन आज पार्क काउंटीचं मुख्य ठिकाण आहे, पण ती काउंटी झालीच १८८७ मध्ये, त्याआधी गाव गॅलटिन काउंटीत होतं. आणि मोंटानाला राज्याचा दर्जा मिळाला ८ नोव्हेंबर १८८९ला, तोवर तो नुसता प्रदेश, म्हणजे टेरिटरी. शीर्षकात यातलं काय लिहिलंय यावर नकाशाचा काळ निम्मा ठरतो. तारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, बाजूच्या दोन नोंदींशी पडताळायची, एवढंच.

आता पहिली रेघ. लाल पेन्सिल घ्या आणि रूळ ओढा. घरं नाहीत, नदी नाही, डोंगर तर नाहीतच. कारण अशा गावात रूळ आधी आणि गाव नंतर. लिव्हिंग्स्टनची गोष्ट बघा. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला १८६४ मध्ये सनद मिळाली, आणि मार्गाच्या दोन्ही बाजूंना बुद्धिबळाच्या पटासारखी एक सोडून एक चौरस मैलाची जमीनही. १८७३ मध्ये रेल्वेला पैसा पुरवणारा सावकार जे कुक बुडाला, तेव्हा रूळ डकोटातल्या बिस्मार्कलाच अडकले. हेन्री व्हिलार्डच्या हाती कारभार गेल्यावर काम धडाक्यानं पुढे सरकलं, १८८२च्या अखेरीस रूळ यलोस्टोन नदीच्या या वळणापाशी पोचले आणि ८ सप्टेंबर १८८३ला पश्चिमेकडे गोल्ड क्रीकपाशी शेवटचा खिळा ठोकला गेला. म्हणजे आपला नकाशा निघाला तेव्हा गावाला जेमतेम एक वर्ष झालं होतं.

त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे इथे आधी एक वस्ती होती, क्लार्क सिटी नावाची. रेल्वेनं आपलं गावठाण तिथे न आखता जरा बाजूला आखलं, आणि दुकानदार बिऱ्हाड उचलून रेल्वेच्या गावात आले. नाव दिलं रेल्वेच्या एका संचालकाचं, जॉन्स्टन लिव्हिंग्स्टन. त्यामुळे रस्ते रुळांना समांतर का, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे: आखणी करणाऱ्यानं पाठ रुळाला लावून साखळी टाकली. आजही पार्क स्ट्रीट रुळांच्या कडेनंच जातो, आणि त्याला समांतर कॅलेंडर, लुईस, क्लार्क अशा ओळी लागतात. उत्तर दिशा या गावाच्या रस्त्यांना माहीतच नाही.

रूळ ओढून झाले की ते कुठे सुटतात, कुठे जाड होतात ते बघा. जिथे एका रेघेच्या पाच-सहा रेघा होतात ते यार्ड. त्याच्या कडेला इंजिन शेड, कोळशाची जागा, पाण्याची टाकी, वर्कशॉप. आता नकाशाबाहेर या आणि विचारा, एवढं मोठं वर्कशॉप याच गावात का? लिव्हिंग्स्टन समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे आणि पश्चिमेला थोड्याच अंतरावर बोझमनची खिंड, सुमारे पाच हजार सातशे फूट. पूर्वेकडून नदीच्या काठानं आरामात आलेल्या गाडीला इथून पुढे घाट चढायचा. म्हणजे चढावर मदतीचं जादा इंजिन (बँकर) इथेच जोडायचं, इंजिनांची डागडुजी इथेच करायची. खिंडीखालचा साडेतीन हजार फुटांहून लांब बोगदा १८८४ मध्ये तयार झाला. तोवर गाड्या वरून, तात्पुरत्या आणि फार उभ्या चढाच्या रुळांवरून जात होत्या. १८८३चं चित्र बघताना यार्डात उभ्या असलेल्या इंजिनांना पुढे काय भोगायचं आहे ते डोळ्यांसमोर आणा, मग त्या शेडचा आकार अतिशयोक्तीचा वाटत नाही.

मुख्य मार्गाला एक फाटा फुटलेला दिसतो का, तेही शोधा. १८८३ मध्येच दक्षिणेला सिनाबारपर्यंत सुमारे पन्नास मैलांची शाखा टाकली गेली, यलोस्टोन नॅशनल पार्क बघायला येणाऱ्यांसाठी. गावातल्या हॉटेलांचा अर्थ त्या फाट्यात आहे.

रुळांनंतर निळ्या पेन्सिलनं नदी, आणि मग प्रश्न दिशेचा. अशा चित्रांत उत्तर वरच असेल असं अजिबात नाही. चित्रकार गावाची जी बाजू देखणी ती पुढे घेतो. लिव्हिंग्स्टनपुरती युक्ती अशी: नदी दक्षिणेकडून येते आणि गावापाशी ईशान्येला वळते. बाजारपेठ रूळ आणि नदी यांच्यामध्ये आहे. चित्रात सगळ्यात पुढे नदी, मग गाव, मग रूळ असतील, तर चित्रकार वायव्येला तोंड करून आहे आणि पाणी डावीकडून उजवीकडे वाहतंय. क्रम उलटा असेल तर तो आग्नेयेला बघतोय, आणि चित्राच्या पाठीमागच्या भागात ॲब्सारोका डोंगर यायला हवेत. मागच्या बाजूला क्रेझी माउंटन्स दिसले तर रोख ईशान्येचा. हे एकदा ठरलं की ट्रेसिंगच्या कोपऱ्यात बाण काढून ठेवा, नाहीतर पुढे डावं-उजवं करताना गोंधळ होतो. माझा दोनदा झाला.

डोंगरांचा उपयोग एवढाच. त्यांची उंची, त्यांचं अंतर यावर विसंबू नका. पाठीमागचा पडदा म्हणून ते रंगवले जातात, कधी जवळ ओढून, कधी वर ताणून.

आता मोजणी. हो, स्केल नसली तरी थोडी मोजणी करता येते. रस्त्यांनी बनलेला एक चौक घ्या, म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेला घरांचा ठोकळा. त्याचे दोन्ही कर्ण ओढा. कर्ण जिथे छेदतात तो त्या ठोकळ्याचा खरा मध्य, तिरक्या दृश्यातसुद्धा. डोळ्याला मध्य वाटतो तो नव्हे. आता एखादं दुकान त्या मध्याच्या अलीकडे आहे की पलीकडे ते सांगता येतं, आणि अर्ध्याचे पुन्हा अर्धे करत गेलात तर ते कोपऱ्यापासून कितव्या भागात येतं हेही. फूट आणि इंच नाही सांगता येत, पण 'कोपऱ्यापासून तिसरं' एवढं नक्की सांगता येतं. जुन्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती बहुधा तेवढंच सांगतात.

एक चूक टाळा. जावयानं हौसेनं हे चित्र आजच्या उपग्रह नकाशावर ताणून बसवायचा प्रयत्न केला, चार कोपरे जुळवून. समोरच्या ओळी बसल्या आणि मागच्या निम्म्या नदीत गेल्या. शिवाय अशा चित्रांत घरांचे दर्शनी भाग दिसावेत म्हणून रस्ते मुद्दाम रुंद काढतात. ताणून बसवायचा तो सपाट नकाशा. हा कागद शेजारी ठेवून वाचायचा.

इमारतींकडे आता वळू. ठोकळे, त्यांची जागा, मजले, छपराचा प्रकार, पडवी आहे की नाही, यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो, कारण चित्र छापायच्या आधी गावात दाखवलं जायचं आणि स्वतःचं दुकान चुकलेलं दिसलं तर मालक गप्प बसणारा नव्हता. खिडक्यांची संख्या मात्र मोजत बसू नका. झाडंही सोडा, ती एकाच साच्याची असतात. आणि कधीकधी अजून न बांधलेली इमारत नुसत्या आराखड्यावरून काढलेली असते. एखादी वास्तू बाकी गावाच्या मानानं फारच भव्य आणि नीटनेटकी दिसली की समासात प्रश्नचिन्ह टाका.

धुराबद्दल वेगळं सांगतो. या काळातल्या चित्रांत प्रत्येक धुराडं पेटलेलं आणि प्रत्येक गाडी धावती असते. धूर म्हणजे धंदा चालू आहे याची पाटी. आणि लिव्हिंग्स्टनचा वारा ज्यानं खाल्लाय त्याला चित्रातला तो शहाण्यासारखा वळत वर जाणारा धूर बघून हसूच येईल. नैर्ऋत्येकडून दरीतून असा सुसाट येतो की माणूस बोलायचं थांबतो.

त्या वाऱ्याचा अनुभव मी माझ्याच मूर्खपणामुळे घेतला. चित्राची छापील प्रत घेऊन आम्ही प्रत्यक्ष गावात गेलो. बोझमनपासून पंचवीसेक मैल. पार्क स्ट्रीटवर स्टेशनची देखणी, विटांची, कमानींची इमारत उभी आहे. मी अर्धा तास ती इमारत चित्रात शोधत होतो. छप्पर जुळेना, कमानी जुळेनात, मी वेल्गेला, स्टोनरला, सगळ्यांना नावं ठेवली. मग पोरीनं माहिती वाचून दाखवली: ही इमारत १९०२ची. नकाशा १८८३चा! चुकलो तो मी, आणि शिव्या खाल्ल्या त्यांनी. त्याच क्षणी वाऱ्यानं प्रत हातातून ओढली आणि रुळांच्या दिशेनं नेली, ती गेलीच. तेव्हापासून नियम: जागेवर जाण्याआधी गावातल्या आजच्या प्रत्येक जुन्या इमारतीचं बांधकामाचं साल लिहून घ्या. आणि प्रत पुठ्ठ्याला चिमट्यांनी लावा.

चित्रानंतर पडताळणी. यात सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे सॅनबोर्नचे नकाशे. आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांसाठी ते काढलेले असत, एका इंचाला पन्नास फूट. हे बघून माझा जीव भांड्यात पडला, एकदाची स्केल मिळाली! विमेवाल्याला गावाची शोभा नको असते, त्याला काय जळेल ते हवं असतं. म्हणून वीट गुलाबी, लाकूड पिवळं, दगड निळा. विहंगम चित्रात जी ओळ भक्कम, शहरी वाटते ती सॅनबोर्नमध्ये सगळी पिवळी निघाली, तर समजा की समोर उंच दर्शनी फळी उभारून मागे साधं लाकडी खोपट आहे. पश्चिमेकडच्या नव्यानं वसणाऱ्या गावांत हे सर्रास चालायचं.

सॅनबोर्न अजून एक काम करतो. चित्राच्या यादीत बँक, शाळा, चर्च, हॉटेल अशा मिरवण्यासारख्या गोष्टींना आकडे असतात. सॅनबोर्नवाला प्रत्येक खोलीत काय चालतं ते लिहितो. चिनी लाँड्री लिहितो. वेश्यावस्तीतल्या घरांवर 'बायकांचं बोर्डिंग' अशा अर्थाची सभ्य नोंद करतो. चित्रात ही घरं असतात, पण मुकी. त्यांना आकडा नाही, नाव नाही. ट्रेसिंगवर मी ती हिरव्या पेन्सिलनं भरली, तेव्हा कुठे ते गाव माणसांचं वाटायला लागलं.

वर्तमानपत्रंही बघा. लिव्हिंग्स्टन एंटरप्राइज १८८३ मध्येच सुरू झालं आणि त्याचे जुने अंक लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्तमानपत्रांच्या संग्रहात वाचता येतात. इंग्रजीत 'बर्ड्स आय व्ह्यू' टाकून शोधा, चित्रकाराचं नाव टाकून शोधा. गावात असा माणूस आला, प्रतींची नोंदणी चालू आहे, अशा चार ओळींच्या बातम्या त्या काळच्या पेपरांत येत. त्यावरून चित्र कोणत्या महिन्यातलं ते कळू शकतं, आणि वर्षभरात दुप्पट होणाऱ्या गावात महिन्याला किंमत असते.

जनगणनेकडून मात्र फार आशा धरू नका. १८८०च्या गणतीवेळी गाव नव्हतं. १८९०च्या गणतीचे बहुतेक कागद १९२१च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर हाती राहिले नाहीत. एकदम १९००चीच नावं मिळतात. म्हणजे गावाची पहिली सतरा-अठरा वर्षं घरोघरच्या नोंदीवाचून गेली, आणि ती भरून काढायला हे चित्र, सॅनबोर्न आणि वर्तमानपत्र एवढंच. मी अभिलेख खात्यातला माणूस. जळालेल्या दप्तराचं दुःख मला समजतं.

शेवटी नदीपलीकडे बघा. अशा चित्रांत गावाच्या हद्दीबाहेर थोडं गवत, एखादी बैलगाडी, मग डोंगर. रिकामी जागा. आमच्या धंद्यात रिकामी जागा म्हणजे सर्वे नंबर तपासायचा राहिला. इथे तपासला तर असं निघतं: १८६८च्या फोर्ट लॅरमीच्या तहात क्रो लोकांच्या, म्हणजे अप्सालूके लोकांच्या राखीव प्रदेशाची हद्द यलोस्टोन नदीच्या मधल्या धारेवरून गेली होती. लिव्हिंग्स्टन उभं राहिलं ते अलीकडच्या काठावर. पलीकडचा काठ त्यांचा. त्यांची पहिली एजन्सी, म्हणजे त्यांचा कारभार बघणारी सरकारी कचेरीही इथून पूर्वेला जवळच, मिशन क्रीकवर होती. हद्दीचा हा पश्चिमेकडचा भाग काढून घेण्याचा करार संसदेनं मंजूर केला एप्रिल १८८२ मध्ये. रूळ त्याच वर्षाच्या अखेरीस आले, आणि चित्र पुढच्या वर्षी निघालं.

माझ्या ट्रेसिंगवर नदीच्या धारेवरून आता तुटक रेघ आहे, हद्दीची काढतात तशी. तिच्या पलीकडच्या कोऱ्या जागेत मी पेन्सिलनं लिहून ठेवलंय: अप्सालूके, १८८२ पर्यंत.